बोलकं खेळणं आणि बाळाचं बोलणं
'बटण दाबलं की एबीसीडी म्हणणारं खेळणं आणा, बाळ लवकर बोलतं,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण शब्द खरंच ऐकू येतात. पण बाळ बोलायला शिकतं ते देवाणघेवाणीतून. त्यानं 'बा' म्हणावं, आपण 'बाबा आले?' म्हणून थांबावं, त्यानं पुन्हा तोंड उघडावं. खेळणं असं थांबत नाही. उलट ते वाजू लागलं की आपणच गप्प होतो.

घरीच पाहा. १० मिनिटं ते खेळणं, १० मिनिटं वाटी-चमचा. दोन्ही वेळा मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःचे शब्द मोजा. वाटी पडली की 'पडली! कुठे गेली?' आपोआप निघतं.

बॅटरीच्या खेळण्यात बटण सेल (नाण्यासारखा छोटा, चपटा सेल) असेल तर झाकण स्क्रूनं घट्ट हवंच. गिळलेला सेल २ तासांत अन्ननलिका भाजू शकतो.