मावराउन्नहर : नदीपल्याडचा मुलूख

आठव्या शतकाच्या सुरुवातीला खोरासानचा (इराणचा ईशान्य भाग आणि लगतचा मुलूख) अरब सुभेदार कुतैबा इब्न मुस्लिम याचं ठाणं मर्वला होतं. मर्व आजच्या तुर्कमेनिस्तानात येतं. तिथून ईशान्येला काराकुमचं वाळवंट तुडवत गेलं की एक रुंद, गढूळ नदी आडवी येते. ग्रीक तिला ऑक्सस म्हणत, अरब जैहून म्हणत, संस्कृत ग्रंथांत ती वक्षू किंवा चक्षू या नावांनी भेटते आणि आज नकाशात तिचं नाव अमू दर्या आहे. कुतैबाने ७०९ मध्ये बुखारा जिंकलं, ७१२ मध्ये समरकंद. या जिंकलेल्या मुलखासाठी अरबीत जे नाव रूढ झालं ते म्हणजे ‘मा वरा अन्-नहर’, अर्थात नदीच्या पलीकडे जे काही आहे ते. तेच पुढे मावराउन्नहर. यातली ‘नहर’ आपल्या ओळखीची आहे. मलिक अंबरने औरंगाबादेत बांधवलेली नहर-ए-अंबरी ती हीच. मात्र अरबीत नदी असलेली नहर दख्खनेत येईपर्यंत पाण्याचा कालवा झाली होती.

नावावरूनच कळतं की ते ठेवणारा अलीकडच्या काठावर उभा होता. समरकंदच्या रहिवाशाला आपलं गाव पलीकडे कसं वाटेल? तरीही हे नाव तिथे रुजलं. दहाव्या शतकात सामानी घराणं थेट बुखाऱ्यातून राज्य करत होतं, तेव्हाही मुलूख मावराउन्नहरच राहिला. फरगाण्यात जन्मलेला बाबर आत्मचरित्रात समरकंदभोवतीच्या देशाला हेच नाव देतो. राज्यकारभाराची आणि विद्येची भाषा ज्या काठावरून आली, तिथली नजरही तिच्याबरोबर आली, असं मला वाटतं.

पूर्वेकडून आलेल्यांना मात्र हा मुलूख वेगळा दिसला. बाराव्या शतकात उत्तर चीनकडून आलेल्या कारा-खिताई राज्यकर्त्यांनी समरकंदला ‘हचोंग’ हे चिनी नाव दिलं. त्याचा अर्थ नद्यांच्या मधलं. इराणी परंपरेत हाच प्रदेश साधारणपणे ‘तुराण’ ठरला. मोगल दरबारातले इराणी आणि तुराणी सरदार आपण इतिहासात वाचतो, त्यातले तुराणी ते इकडचे. ‘ट्रान्सऑक्सियाना’ हे युरोपीय नाव म्हणजे अरबी कल्पनेलाच चढवलेला लॅटिन पोशाख.

आज बहुतेक ठिकाणी मावराउन्नहरची व्याख्या ‘अमू आणि सिर दर्या यांच्यामधला प्रदेश’ अशी सापडते. लक्षात ठेवायला ती सोपी आहे, पण जुन्या भूगोलकारांना ती मान्य झाली नसती. शाश, म्हणजे आजचा ताश्कंदचा परिसर, सिर दर्याच्याही पलीकडे आहे, तरी ते त्याला मावराउन्नहरमध्येच धरत. उत्तरेची हद्द सैन्याच्या आणि व्यापाराच्या पोचेनुसार पुढेमागे सरके. अमू दर्याच्या मुखाकडचा ख्वारिझम तर तिच्या दोन्ही काठांवर पसरलेला. दहाव्या शतकातला भूगोलकार अल-मक्दिसी याने पूर्वेकडचा सगळा प्रदेश अमू दर्याने दुभागला, एका बाजूला खोरासान आणि दुसऱ्या बाजूला हैतल. हैतल हे नाव अरबांपूर्वी इथे सत्ता गाजवलेल्या हेफ्थलाइट (श्वेत हूण) लोकांवरून आलेलं.

पण खरी अडचण नदीचीच आहे. जिच्यावरून ‘पलीकडे’ ठरवायचं, ती जागेवर राहत नाही. अमू दर्याला पाणी मिळतं पामीर आणि हिंदुकुशातल्या बर्फाचं. ऐन उन्हाळ्यात बर्फ वितळलं की तिला पूर येतो आणि वाटेतली भुसभुशीत माती ती प्रचंड प्रमाणात ओढून आणते. सपाटीवर वेग मंदावतो, गाळ तळाशी बसतो, पात्र उथळ होतं आणि पाणी बाजूच्या वाळूच्या काठाला भिडतं. वाळू तग धरत नाही; काठ ढासळत जातो. या धुपीला तिथले लोक ‘देगिश’ म्हणतात. काठाचं अख्खं गाव तिच्या पोटात जाऊ शकतं.

अल-बिरुनी ९७३ मध्ये ख्वारिझमच्या कास या राजधानीत जन्मला. भारतावरच्या त्याच्या ग्रंथामुळे आपण त्याला ओळखतो. कासजवळचा अल-फीर नावाचा किल्ला जैहूनने दरवर्षी थोडा थोडा करत कसा गिळला आणि ९९४ पर्यंत त्याची खूणही कशी उरली नाही, हे त्याने लिहून ठेवलं आहे. नदीने पूर्वी आपला मार्ग बदलला असावा, हा विचारही त्याने मांडला. भूशास्त्र त्याच्या बाजूने आहे. सारिकामिशच्या खोलगटापासून कॅस्पियन समुद्राकडे जाणारं उझबोय नावाचं कोरडं पात्र आजही दिसतं. अमू दर्याचं पाणी कधीकाळी अरलऐवजी त्या वाटेने वाहत होतं. विसाव्या शतकातही नदीची खोड गेली नव्हती. आज उझबेकिस्तानात असलेल्या काराकल्पाकस्तान या स्वायत्त प्रांताची राजधानी तोर्तकुल तिने कुरतडायला घेतली, तेव्हा १९३९ मध्ये राजधानी नुकुसला हलवावी लागली.

रशियन आले ते कॅस्पियनच्या बाजूनेही, म्हणून त्यांच्या नकाशात ‘कॅस्पियनपलीकडचा प्रांत’ उगवला, आणि ताश्कंद-समरकंदचा भाग १८६७ मध्ये स्थापलेल्या तुर्कस्तान सुभ्यात गेला. १९२४ मध्ये सोव्हिएत सत्तेने हद्दी भाषिक गटांनुसार आखल्या आणि कारभारातलं जुनं नाव मागे पडलं. इतिहास लिहिताना ते वापरावं, पण काळ पाहून. अरबांपूर्वीच्या समरकंदच्या मुलखासाठी सोग्द हे त्याचं जुनं नावच योग्य, आणि मावराउन्नहर म्हणजे आजचा उझबेकिस्तान असं समीकरण मांडलं तर ताजिकिस्तान सुटतं, शिवाय किर्गिझस्तान आणि कझाकस्तानचे तुकडेही.

अमू दर्याच्या मधल्या टप्प्यावर आज तुर्कमेनिस्तानचा एक प्रांत आहे, नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला. त्याचं नाव लेबाप. फारसी ‘लब-ए-आब’वरून ते आलं आहे, म्हणजे पाण्याचा काठ.