गर्भलिंगनिदानबंदी: सुरुवात विरोधी बाकावरून

सोनोग्राफी केंद्राच्या दारावर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी असते. ती लावण्याची सक्ती केंद्र सरकारच्या कायद्याने केली. पण अशा चाचण्यांवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात झाला, तोही सरकारला आपणहून सुचला म्हणून नव्हे.

गर्भजलपरीक्षा, म्हणजे गर्भाभोवतीचे पाणी काढून केलेली तपासणी, भारतात सत्तरच्या दशकात आली ती जन्मजात व्यंगांचे निदान करण्यासाठी. तिचा उपयोग मुलगी टाळण्यासाठी होतो आहे हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही. दशक संपता संपता केंद्राने सरकारी संस्थांमध्ये या कामासाठी चाचणी करायला मनाई केली. खासगी दवाखान्यांना मात्र रान मोकळेच राहिले आणि धंदा तिकडे वळला. ‘आज पाचशे खर्च करा, उद्याचे पन्नास हजार वाचवा’ अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे होत. पन्नास हजार म्हणजे हुंडा, हे कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर आणि आरोग्य कार्यकर्ते या प्रश्नावर एकत्र आले. १९८६ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने करून घेतलेल्या पाहणीत मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण या चाचण्यांमध्ये गुंतलेले आढळले. ‘असे कुठे कुठे होत असेल’ म्हणून हात झटकायची सोय त्यानंतर उरली नाही.

ही मागणी सभागृहात नेली मृणाल गोरे यांनी. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या होत्या. गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून सुरुवात करून १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत गेल्या. वस्त्यांना नळ मिळावा म्हणून त्यांनी इतकी भांडणे केली की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. महागाईविरोधी लाटणे मोर्चे त्याच काळातले. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्याबरोबर त्यांनी घरात राबणाऱ्या बायका रस्त्यावर आणल्या, त्याही हातात लाटणे देऊन. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या आणि १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आल्या.

नळ, रॉकेल, साखर यांवर लढलेली बाई गर्भजलपरीक्षेच्या प्रश्नाकडे वळली, यात मला काही वेगळे वाटत नाही. घरात काय येते आणि घरात कोण नको असते, दोन्हीची झळ बाईलाच बसते.

मृणालताईंनी अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणायचे, विधेयक मांडले. विरोधी आमदाराच्या अशा विधेयकाचे काय होते, हे विधान भवनात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. मंजूर होणे जवळपास अशक्यच. तरी त्याचा उपयोग असतो, कारण विषय कामकाजात नोंदला जातो आणि मंत्र्यांना उठून उत्तर द्यावे लागते. बाहेर मोर्चे आणि वर्तमानपत्रांतले लेख, आत हे विधेयक, असा दुहेरी रेटा बसला तेव्हा सरकारने स्वतःचा कायदा आणला.

तो कायदा लंगडा होता. चाचण्या सरकारी केंद्रांतच व्हाव्यात असे कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. खासगी केंद्रांना नोंदणी करून परवानगी मिळाली. चाचणी करून घेणाऱ्या बाईलाही दोषींच्या रांगेत बसवले गेले. सासरच्या दडपणाखाली आलेल्या बाईला शिक्षेचे भय दाखवले की ती तक्रार करणारच नाही, एवढी साधी गोष्ट कायदा लिहिणाऱ्यांच्या गळी उतरली नाही.

तरीही दार उघडले होते. संसदेने १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा केला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो लागू झाला. अंमलबजावणी मात्र कागदावरच होती. म्हणून २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्था आणि लिंगनिवडीविरोधी कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने राज्यांना धारेवर धरल्यावर सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी वाढली आणि २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली.

आकडे मात्र घसरतच गेले. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ ला ८०७ वर घसरण झाली.

पुढे भांडण झाले ते ‘एफ’ फॉर्मवरून. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद त्यात करावी लागते. रकाना रिकामा राहिला तर ती कारकुनी चूक मानावी, असे डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ते फेटाळले, कारण गुन्ह्याचा माग लागतो तो याच कागदावरून.