नव्या ड्रायव्हरमध्ये शेडर कंपायलर कुठे सुधारला आहे

आमचे डिस्प्ले बोर्ड वापरणाऱ्या काही ग्राहकांची एकच तक्रार होती. शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम, बिनबोभाट कंपाइल होतो, एरर येत नाही, तरी एखादा रंग भलत्याच जागी उमटतो. दोष तुमच्या शेडरचा नव्हता, ड्रायव्हरमधल्या कंपायलरचा होता.

कंपायलर तुमच्या कोडचं आधी एक मधलं रूप बनवतो, त्याला आयआर म्हणतात. त्यात व्हेरिएबल जिथे जिथे वापरलं आहे, तिथे त्याच्याकडे नेणारा रेफरन्स असतो. जीएलएसएल या शेडर लिहिण्याच्या भाषेत रिकर्शनला, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करण्याला, मनाईच आहे. त्यामुळे फंक्शनचा मजकूर कॉलच्या जागी उतरवून घेणं सोपं जातं. गोची इथेच होती.

समजा, 'रंग[आय]', म्हणजे रंग या ॲरेचं आय क्रमांकाचं घर, इनआउट पॅरामीटर म्हणून दिलं (त्याची किंमत फंक्शनमध्ये जाते आणि शेवटी परत तिथे लिहिली जाते). आय हा इंडेक्स ग्लोबल आहे, म्हणजे फंक्शनलाही तो बदलता येतो, आणि फंक्शनच्या आत तो ० चा १ झाला. भाषेचा नियम असा, की उत्तर कुठे परत लिहायचं ते कॉलच्या वेळीच, एकदाच ठरतं. म्हणजे रंग[०]. जुना कंपायलर मात्र परत लिहिताना आय पुन्हा वाचायचा. मग रंग[०] तसाच राही आणि रंग[१] विनाकारण पुसला जाई. इंडेक्स मध्येच बदलणारे शेडर मुळात थोडे, म्हणून हे लवकर हाती लागत नाही.

आता इंडेक्सची किंमत कॉलआधी तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवली जाते आणि आत नेताना आणि परत लिहिताना तीच वापरली जाते. रेफरन्सही आयआरमध्ये स्वतंत्र इन्स्ट्रक्शन म्हणून मांडले आहेत. मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पाने २०१८ मध्ये एनआयआर या आपल्या आयआरमध्ये हाच मार्ग धरला. आमच्या मते तोच बरा, कारण रेफरन्स कुठून कुठे जातो ते तपासता येतं.

शेडरमध्ये काही बदलायचं नाही. अडचण टाळायला इंडेक्सची लोकल कॉपी केली असेल, तर ती राहू द्या. इंडेक्स स्थिर असेल तर वेगातही फरक पडणार नाही.

एक गोष्ट मात्र पाहा. तुमचं ॲप कंपाइल झालेली प्रोग्रॅम बायनरी डिस्कवर साठवत असेल, तर नवा ड्रायव्हर ती नाकारेल. ओपनजीएल या ग्राफिक्सच्या मानकात ड्रायव्हरला तशी मुभा आहे. बायनरी लोड केल्यावर लिंक स्टेटस तपासा आणि लिंक फसली तर मूळ सोर्समधून पुन्हा कंपाइल करा.

तरीही रंग चुकलाच, तर शेडरचा सोर्स आणि ड्रायव्हरची आवृत्ती पाठवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. रंग ॲरेच्या कुठल्या घरातून आला, हे चित्रावरून कळत नाही.