पत्र्याखालचं पोलाद: आपल्या कारखान्यांच्या शेड कशा घडल्या

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या शेडमध्ये उभं राहून वर पाहिलं की अँगलची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा लोखंडी पट्ट्यांचा त्रिकोणी सांगाडा, दिसते. दोन अँगल पाठीला पाठ लावून जोडलेले, सांध्यावर तुकडे एकत्र धरणारी गसेट प्लेट, कैच्यांवरून आडव्या गेलेल्या पर्लिन आणि त्यांना जे-हूकने आवळलेला सिमेंटचा पत्रा. तिथून चाकणच्या एखाद्या नव्या शेडमध्ये गेलं तर कैचीच नाही. खांब पायाशी निमुळता आणि छपराजवळ रुंद, तिथेच वळून त्याची तिरकी तुळई झालेली, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मधे एकही खांब नाही. पहिली शेड गल्लीतल्या फॅब्रिकेटरने जागेवर वेल्डिंग करून उभी केली. दुसरी दूरच्या कारखान्यात तयार झाली, ट्रेलरवरून आली आणि इथे फक्त बोल्टांनी जोडली गेली.

हा बदल तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. मला तो खुलासा अपुरा वाटतो. निमुळत्या फ्रेमचं गणित अनेक दशकं ठाऊक होतं. आपल्याकडे शेडचा आकार ठरवला तो मुख्यतः एकाच गोष्टीने: पोलाद कुणाला, किती आणि कोणत्या भावाने मिळतं.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करावी लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवला दोन वर्षांत सूत निघू लागलं. त्या काळच्या गिरणीत पोलादी सांगाडा नव्हता. बाहेरच्या जाड विटांच्या भिंती भार घ्यायच्या आणि आत बिडाचे खांब असायचे. यंत्रं इंग्लंडहून यायची, तसे हे लोखंडी भागही यायचे. काळाघोड्याच्या वॉटसन हॉटेलचा तर सगळा बिडाचा सांगाडाच इंग्लंडमध्ये ओतला गेला, बोटीने आला आणि 1860 च्या दशकाच्या अखेरीस इथे जोडला गेला. म्हणजे तयार भाग आणून जागेवर इमारत जोडायची ही पद्धत मुंबईला दीडशे वर्षांहून जुनी आहे.

मागखात्याची गोष्ट वेगळी होती. मागांना जमीन सपाट आणि घट्ट लागते आणि विणकराला धागा नीट दिसावा लागतो, म्हणून ही खाती एकमजली आणि करवतीच्या दात्यांसारख्या छपरांची झाली. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळपास एकसारखा राहतो आणि ऊन थेट आत येत नाही. परळ-लोअर परळच्या आकाशरेषेवर हे दाते लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले. त्याच सुमारास शहरात लोखंडकाम करणारे कारखाने उभे राहत होते. भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास 1858 पासूनची. जोडकाम इथे होऊ लागलं, पण लोखंड बाहेरूनच यायचं.

साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, टाटांच्या कारखान्यात 1912 मध्ये पोलाद तयार झालं तेव्हा चित्र पालटायला सुरुवात झाली. तरी त्यातला मोठा वाटा रूळ आणि पूल खाऊन टाकत. कारखान्याची शेड रांगेत बरीच मागे होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पोलादाच्या वाटपावर नियंत्रण आणलं आणि युद्ध संपल्यावरही ते उठलं नाही. स्वतंत्र देशाला धरणं, रेल्वे, वीजकेंद्रं सगळं एकदमच बांधायचं होतं आणि पोलाद तुटपुंजं होतं. भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर हे सरकारी कारखाने 1959 च्या आसपास सुरू झाले, तरी मागणी पुढेच धावत राहिली.

या टंचाईतून शेडचं आपलं असं शास्त्र घडलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. भारतीय मानक संस्थेने 1950 मध्ये बांधकामातल्या पोलादाच्या काटकसरीचा कार्यक्रमच हाती घेतला. ब्रिटिश मापांचे छेद, म्हणजे तुळई-चॅनलचे ठरीव आकार, बाजूला ठेवून त्याच वजनात जास्त भार घेतील असे नवे छेद ठरवले गेले. आज कोणताही फॅब्रिकेटर तुळईला ‘आयएसएमबी’ आणि चॅनलला ‘आयएसएमसी’ म्हणतो ती त्या कामाची देणगी. पोलादी बांधकामाची आपली संहिता, आयएस 800, पहिल्यांदा 1956 मध्ये आली. कैचीचा प्रसार का झाला हेही इथे कळतं. कैचीत प्रत्येक तुकडा एकतर ताणात असतो किंवा दाबात, त्यामुळे हलक्या अँगलवर मोठा गाळा, म्हणजे खांबांमधलं अंतर, झाकता येतो. त्याची किंमत मजुरीत मोजावी लागते: शेकडो तुकडे कापा, भोकं पाडा, जोडा, रंगवा. पोलाद महाग, मजुरी स्वस्त आणि अँगल तर कुठल्याही री-रोलिंग मिलमधून मिळणारा. अशा देशात कैची हे सर्वांत शहाणपणाचं उत्तर होतं. ज्यांना तेवढंही पोलाद मिळेना त्यांच्यापैकी काहींनी काँक्रीटची पातळ कमानी छपरं घातली.

सुरुवातीला हे सांधे रिव्हेटचे असत. भट्टीत लाल केलेला रिव्हेट चिमट्याने झेलायचा, भोकात घालायचा, एकाने मागून दाबून धरायचा आणि दुसऱ्याने तोंड ठोकायचं, अशी चौघांची टोळी लागे. वेल्डिंगने ती टोळी मोडली. अडवाणी-ओर्लिकॉनसारख्या कंपन्या 1950 च्या दशकात देशातच वेल्डिंगचे रॉड बनवू लागल्या आणि एक वेल्डर, एक मदतनीस आणि एक ट्रान्सफॉर्मर एवढ्यावर फॅब्रिकेशनचा धंदा उभा राहू लागला.

महाराष्ट्रात त्याला मैदान मिळालं. राज्याने 1961 मध्ये औद्योगिक विकासाचा कायदा केला आणि 1962 मध्ये एमआयडीसी सुरू झाली. प्लॉट, रस्ता, पाणी, वीज हे महामंडळाने द्यायचं आणि शेड उद्योजकाने बांधायची. त्यामागे आणखी एक धोरण होतं, ज्याचा उल्लेख आपण क्वचितच करतो. 1956 पासून वाहतूक समानीकरणामुळे पोलाद देशभर एकाच भावाने मिळे. जमशेदपूरच्या दारातल्या कारखानदाराला आणि पिंपरीच्या कारखानदाराला भाव सारखाच. पुणे, ठाणे, नाशिकच्या इंजिनिअरिंग उद्योगाला याचा मोठा हात मिळाला. बिहार, बंगाल आणि ओडिशाचा नैसर्गिक फायदा मात्र त्यात गेला. आपल्या औद्योगिक कर्तबगारीची गोष्ट सांगताना ही बाजूही सांगितली पाहिजे.

भाव ठरलेला असला तरी माल हाती पडेलच असं नव्हतं. कोटा, परमिट, वाट पाहणं. ज्याला थांबणं परवडत नसे तो मुंबईत कर्नाक बंदरच्या लोखंड बाजारात किंवा दारूखान्यात, म्हणजे जिथे जुनी जहाजं तोडली जात तिथे, मिळेल तो माल घेई. नकाशात 65 मिलिमीटरचा अँगल असायचा आणि बाजारात 75 चा मिळायचा, मग तोच लागायचा. म्हणूनच जुन्या शेडमध्ये शेजारशेजारच्या दोन कैच्याही सारख्या दिसत नाहीत. मानक संस्थेने 1972 मध्ये प्लॅस्टिक सिद्धांतावर (म्हणजे पोलाद कायमचं वाकू लागल्यावरही त्यात उरणारी ताकद हिशेबात धरून) पोलादी रचना कशा कराव्यात याची मार्गदर्शिका काढली होती, 1987 मध्ये कैची आणि पोर्टल फ्रेम (खांब आणि तुळई एकसंध जोडलेली चौकट) या दोन्हींच्या ठरीव नकाशांची पुस्तकं आली. ज्ञान हाताशी होतं. पण हव्या जाडीची प्लेट वेळेवर मिळण्याची खात्री नसताना निमुळती फ्रेम काढणार कोण?

तिकडे अमेरिकेत उलटी परिस्थिती होती. पोलाद मुबलक, मजुरी महाग. म्हणून तिथे इमारत हे कारखान्यात बनवून विकायचं उत्पादन झालं. कॅन्सस सिटीची बटलर यातली जुनी कंपनी, आणि 1956 पर्यंत अशा उत्पादकांची संघटनाही झाली होती. तेलाच्या पैशावर हे तंत्र 1970 च्या दशकात आखातात पोचलं. कुवेतमध्ये किर्बी, सौदीत झमिल. आपल्याकडचे कितीतरी फिटर, वेल्डर, इंजिनिअर हे काम तिथेच शिकले.

भारतात दार उघडलं ते 1991-92 मध्ये. पोलाद खासगी उद्योगाला खुलं झालं, जानेवारी 1992 मध्ये भाव आणि वाटपावरचं नियंत्रण उठलं, वाहतूक समानीकरणही संपलं. मग गुजरातमधलं हजिरा, पेणजवळचं डोलवी, कर्नाटकातलं विजयनगर इथे पोलादाची पट्टी लाटणाऱ्या नव्या गिरण्या आल्या आणि प्लेट व कॉइल बाजारात सहज मिळू लागली. जस्त-ॲल्युमिनियमचा लेप असलेला रंगीत पत्रा आला. 2000 च्या सुमारास किर्बीने हैदराबादजवळ कारखाना टाकला, 2005 मध्ये पुण्यात मुख्यालय असलेली टाटा ब्लूस्कोप झाली, देशी कंपन्याही उतरल्या. पीईबी, म्हणजे प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग (कारखान्यात तयार होऊन जागेवर जोडली जाणारी इमारत), हा शब्द एमआयडीसीत रुळला. 2009 मध्ये फोक्सवागनचा चाकणचा कारखाना सुरू झाला. अशा उद्योगांना कैची लावत बसायला वेळ नव्हता.

पीईबीत पोलाद वाचतं ते आकारामुळे. वाकवणारा जोर खांब आणि तुळईच्या कोपऱ्यावर सर्वाधिक असतो, म्हणून तिथे छेद खोल. पायाशी तो कमी, म्हणून तिथे छेद उथळ. प्लेट यंत्रावर कापून, स्वयंचलित वेल्डिंगने जोडून हा आकार मिळतो. पर्लिन म्हणजे पातळ पट्टी वाकवून केलेला झेड. पण इतकं वजन उतरवलं की दुसरा प्रश्न पुढे येतो: वारा. हलक्या छपराला वारा खाली दाबत नाही, वर उचलतो. आपल्या वाऱ्याच्या संहितेत पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर आणि मुंबईसाठी 44 मीटर धरला आहे. पुण्यातल्या ओळखीच्या शेडचाच नकाशा घेऊन कोकणात बांधणाऱ्याने हा फरक आधी बघावा. जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने रायगडात पत्रे कसे उडाले ते सर्वांनी पाहिलं. उभारणीच्या वेळी फ्रेमना आधार देणारं आडवं-तिरकं ब्रेसिंग लावायचं राहिलं तर साध्या वादळी पावसातही फ्रेम कोसळू शकते, आणि त्याखाली सापडतो तो इरेक्शनवाला.

छपराखाली काम करणाऱ्याचा विचार या सगळ्या इतिहासात शेवटी येतो, ही माझी खरी तक्रार आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे 500 घनफूट, म्हणजे 14.2 घनमीटर, जागा मागितली आणि जमिनीपासून 14 फुटांवरची हवा त्यात धरायची नाही असंही सांगितलं. त्याच कायद्यात भिंती आणि छप्पर अशा साहित्याचं असावं की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील, असं स्पष्ट लिहिलं होतं. सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसमुळे धोक्याचा, पण उन्हात तो धातूच्या पत्र्यापेक्षा कमी तापायचा. आज पीईबीच्या कोटेशनमध्ये पत्र्याखालच्या इन्सुलेशनची ओळ असते आणि भाव खाली आणताना बहुतेक वेळा तीच आधी खोडली जाते. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या मे महिन्यात त्या खोडलेल्या ओळीची किंमत प्रेसवर उभा असलेला माणूस मोजतो.

लहान उद्योजकाच्या दृष्टीने कैची अजून संपलेली नाही. पाच-सहा हजार चौरस फुटांच्या शेडसाठी चौकोनी पाइपाची कैची घालणारा गावातला फॅब्रिकेटर अजूनही परवडतो, आणि पुढे एक गाळा वाढवायचा झाला तर तोच माणूस येऊन जुन्याला नवं जोडून देतो. पीईबीवाल्याकडे मात्र वाढीव गाळ्याची तरतूद पहिल्याच नकाशात मागून घ्यावी लागते, कारण शेवटची फ्रेम हलकी काढलेली असू शकते. ऑर्डर देण्यापूर्वी ही आणि इन्सुलेशनची अशा दोन ओळी कोटेशनमध्ये लेखी मागाव्यात.