एक डीएपी, दोन युरिया: गव्हावरील दीर्घकालीन खतप्रयोगांची पार्श्वभूमी

कोरेगाव, खटाव किंवा वाळव्याकडे सोयाबीनचे रान मोकळे झाले, की गव्हाच्या पेरणीची लगबग सुरू होते आणि कृषी सेवा केंद्रावर अनेकांची मागणी तोंडपाठ असल्यासारखी येते: एकरी एक डीएपी, दोन युरिया. म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) देणाऱ्या डीएपीचे एक पोते आणि फक्त नत्र देणाऱ्या युरियाची दोन. या मात्रेवर पीक हिरवेगार उभे राहते, ओंब्याही भरतात, त्यामुळे तिच्यात काही उणे आहे असे त्या हंगामात कोणालाच वाटत नाही. ते उणे दिसायला किती वर्षे जावी लागतात, याचा शोध ज्या प्रयोगांनी घेतला त्यांचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात एका खतकारखानदाराने केली.

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात रोथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉझ यांची वडिलोपार्जित जमीन होती. फॉस्फेटयुक्त पदार्थांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून सुपर फॉस्फेट बनवण्याचे पेटंट त्यांनी 1842 मध्ये घेतले आणि पुढच्याच वर्षी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनतज्ज्ञाला सोबत घेऊन ‘ब्रॉडबाल्क’ नावाच्या शेतात गव्हावर खतांचे प्रयोग सुरू केले. गिल्बर्ट हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांचे विद्यार्थी होते. पिकाला लागणारे नत्र हवेतून आणि पावसातून मिळते, शेतकऱ्याने फक्त राखेत उरणारी खनिजे जमिनीला परत करावीत, अशी लीबिग यांची मांडणी होती. ब्रॉडबाल्कवर नेमके उलटे दिसले: केवळ खनिजे दिलेल्या पट्ट्यातले उत्पादन बिनखताच्या पट्ट्यापेक्षा फारसे वाढले नाही, अमोनियाचे क्षार दिले तेव्हा मात्र गहू उसळून आला. गुरू-शिष्यांतला हा वाद बराच काळ चालला. स्वतःच्या मालाची जाहिरात करण्यासाठी कारखानदाराला दोन-तीन हंगाम पुरले असते, पण लॉझ आणि गिल्बर्ट यांनी 57 वर्षे एकत्र काम केले आणि 1889 मध्ये लॉझ यांनी हे काम आपल्या पश्चात चालावे म्हणून एक लाख पौंडांचा न्यास करून ठेवला.

त्या शेताची रचना साधी आहे. लांबच लांब अरुंद पट्टे, प्रत्येकाला ठरलेले खत, आणि एका पट्ट्याला 1843 पासून काहीच नाही. हा उपाशी पट्टा अजूनही हेक्टरी साधारण एक टन, म्हणजे एकरी चारेक क्विंटल गहू देतो. शेजारच्या एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत पडते आणि तिथल्या मातीतील सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत साठणारा कार्बन) बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला आहे. 1849 मध्ये पट्ट्यांखाली निचऱ्याच्या नळ्या घातल्या गेल्या, आणि पुढे त्यांतून वाहणाऱ्या पाण्याच्या तपासणीत दिलेल्या नत्रातले किती नायट्रेट होऊन वाहून जाते, हे मोजता आले. शिवाय दरवर्षीच्या धान्याचे आणि काडाचे, तसेच वेळोवेळी मातीचे नमुने जपून ठेवले गेले. ते कशासाठी लागतील हे ठेवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. अलीकडच्या काळात त्याच धान्याच्या तपासणीत असे आढळले, की 1960 च्या दशकापर्यंत दाण्यातील जस्ताचे प्रमाण स्थिर होते आणि बुटके, अधिक उत्पन्नाचे वाण आल्यावर ते घटले; मातीतील जस्त मात्र कमी झालेले नव्हते.

एवढी आकडेवारी साठली, पण तिचा अर्थ लावायचा कसा, हा प्रश्न उरला होता. तो सोडवण्यासाठी 1919 मध्ये रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाला रोथॅमस्टेडला नेमण्यात आले. पावसाचा परिणाम, जमिनीची हळूहळू होणारी झीज आणि मधूनच येणारे चढउतार वेगळे करताना त्यांना तणांचा प्रश्न दिसला, आणि शाळा सक्तीची झाल्याने तण काढायला मुले मिळेनाशी झाली, हेही एक कारण त्यांनी सुचवले. खुरपणीला माणूस मिळत नाही ही तक्रार आपल्याकडे आजची वाटते, म्हणून हे सांगितले. आधुनिक शेती-संख्याशास्त्राचा पाया या कामात घातला गेला.

या शास्त्राचा एक धागा थेट सातारा जिल्ह्यात येतो. खटाव तालुक्यातील बुध या गावी 1911 मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्राचे शिक्षण घेतले. फिशर त्या काळी तिथेच प्राध्यापक होते. भारतात परतल्यावर सुखात्मे यांनी कृषी संशोधन परिषदेत काम करताना यादृच्छिक, म्हणजे कोणाच्या मर्जीवर न सोडलेला, नमुना निवडून पिकाचे उत्पादन मोजण्याची पद्धत रुजवली. आज गावात पीक कापणी प्रयोग होतो, म्हणजे गट क्रमांक चिठ्ठीने नव्हे तर आकड्यांच्या तक्त्यावरून निघतो, खुंट्या ठोकून दोरी ताणली जाते आणि तेवढ्याच चौकोनातला गहू कापून, मळून, सर्वांसमोर तोलला जातो, त्यामागे ही परंपरा आहे. चौकोन चांगल्या पिकात पडला की वाईट, यावर बांधावर वाद होतात, आणि ते होऊ नयेत म्हणूनच तर तक्ता असतो.

खतांचे प्रयोग मात्र भारतात त्याआधीच आले होते. कानपूर येथे 1885 मध्ये, बिहारमधील पुसा येथे 1908 मध्ये आणि कोइमतूर येथे 1909 मध्ये असे कायमस्वरूपी प्रयोग सुरू झाले. दरम्यान इंग्लंडमधील वोबर्न येथे 1876 मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाने एक धोका दाखवला होता: तिथल्या हलक्या, रेताड जमिनीत वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट टाकल्याने माती इतकी आम्लधर्मी झाली, की पीकच उभे राहीना. रोथॅमस्टेडच्या जमिनीत पूर्वीपासून चुना मिसळलेला असल्याने तिथे हे घडले नव्हते. खत एकच असूनही जमिनीगणिक निकाल बदलला.

हरितक्रांतीनंतर, 1970 मध्ये, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने दीर्घकालीन खतप्रयोगांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प हाती घेतला. नुसते नत्र, नत्र आणि स्फुरद, नत्र-स्फुरद-पालाश (पोटॅश), त्यांच्या जोडीला शेणखत, गंधकाविना खत आणि अजिबात खत नाही, असे वाफे शेजारी शेजारी ठेवले गेले. हिमाचलातील पालमपूरच्या आम्लधर्मी जमिनीत केवळ नत्राच्या वाफ्यांत मका आणि गहू कालांतराने जवळजवळ संपले. वोबर्नचीच गोष्ट पुन्हा घडली. जबलपूर आणि अकोला ही केंद्रे काळ्या जमिनीतली असल्याने आपल्याला अधिक जवळची आहेत. अकोल्यात ज्वारी-गहू या फेरपालटीवर 1988 पासून प्रयोग चालू आहे. काळ्या मातीत पालाश मुळात भरपूर, म्हणून सुरुवातीला तो न दिल्याने काही बिघडत नाही. पण पालाशाविना चाललेल्या वाफ्यांत साठा उतरत जातो, आणि सेंद्रिय कर्ब सर्वांत चांगला राहतो तो संतुलित खतासोबत शेणखत मिळालेल्या वाफ्यांत.

सातारा-सांगलीच्या चुनखडीयुक्त काळ्या रानात आम्लतेची भीती नाही. इथे चुनखडीमुळे जस्त आणि लोह पिकाला नीट मिळत नाही. उसाच्या खोडव्यावर केवडा पडतो, म्हणजे पाने पिवळी-पांढरी होतात, ते यातूनच. आता सुरुवातीच्या मागणीचा हिशेब करून पाहता येतो. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश, म्हणजे एकरी 48, 24 आणि 16 किलो, अशी शिफारस आहे. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात नत्र 9 आणि स्फुरद 23 किलो. युरियाच्या 45 किलोच्या दोन पोत्यांत नत्र सुमारे 41 किलो. नत्र आणि स्फुरद बरोबर बसले, पालाश शून्य, गंधक शून्य. हा हुबेहूब प्रयोगातला नत्र-स्फुरदाचा वाफा झाला, तोही गंधकाविना. तेवढेच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून घ्यायचे तर एका पोत्याऐवजी तीन पोती वाहावी लागतात, पण त्यांतून सुमारे 16 किलो गंधक आपोआप रानात जाते, कारण लॉझ यांनी 1842 मध्ये पेटंट घेतलेल्या कृतीतले गंधकाम्ल त्या पोत्यात अजून आहे.