टिप्याचे हिरवे डोळे आणि गवतातले हिरे

गावच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय. रात्री डोळे हिरवे दिसले तर बिबट्या, लाल दिसले तर "दुसरं काहीतरी", आणि खाली हात जोडलेले तीन इमोजी. आमचं गाव जुन्नरकडचं, चहूबाजूंनी ऊस, त्यामुळे बिबट्या हा काही चेष्टेचा विषय नाही, अंधार पडल्यावर आमच्या कुत्र्याला, टिप्याला फिरवायचं तर दोरी आखूड, सोबत काका आणि वस्तीच्या आसपासच. पण डोळ्यांच्या रंगावरून प्राणी ओळखायचा म्हणजे शर्टाच्या रंगावरून माणसाचं आडनाव सांगण्यासारखं झालं.

मुळात डोळे स्वतः चमकत नाहीत, उजेड आपल्याच टॉर्चचा असतो. डोळ्यात भिंग आणि मागे रेटिना हे शाळेत झालंय. रेटिनातल्या पेशी उजेड टिपतात, पण सगळा नाही, थोडा मधून निसटतोच. आपल्या डोळ्यात त्यामागे काळपट थर असतो, तो बराचसा गिळून टाकतो आणि विषय संपतो. कुत्रा, मांजर, गाय, बिबट्या यांच्या डोळ्यात मात्र तिथे चक्क आरसा आहे, नाव टॅपेटम लुसिडम. निसटलेला उजेड त्यावर आपटून परत रेटिनातून जातो, म्हणजे पेशींना सेकंड चान्स, आणि त्यातूनही जो सुटला तो बाहुलीतून बाहेर येतो, तो आपल्याला दिसतो आणि आपली फाटते.

आता हा आरसा कशाचा, तर चांदीबिंदी काही नाही. कुत्र्याच्या टॅपेटमच्या पेशींत झिंक आणि सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल यांच्या अतिसूक्ष्म कांड्या ओळीने रचलेल्या असतात, मांजरात रायबोफ्लेविन सापडतं (तेच ते बी-2, बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळी करणारं), आणि गाईम्हशींत साधे कोलॅजनचे तंतू. प्रत्येक थरावरून थोडा थोडा उजेड परततो, आणि थरांमधलं अंतर ज्या तरंगलांबीला बरोबर जुळतं तिच्या लाटा एकमेकींत मिसळून वाढतात, बाकीच्या एकमेकींना मारतात. साबणाचा फुगा, मोरपीस, सगळीकडे हाच खेळ. अंधारात काम करणाऱ्या रॉड पेशी 500 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळसर हिरवा उजेड सगळ्यात चांगला टिपतात आणि बऱ्याच आरशांचा रंगही त्याच बाजूचा निघतो. पण अंतर जरा बदललं, कोन बदलला, वय बदललं की रंग बदलला. टिप्या पिल्लू होता तेव्हा त्याचे डोळे निळसर चमकायचे, कारण हा आरसा पूर्ण तयार व्हायलाच चारेक महिने लागतात, आता हिरवे चमकतात आणि त्याने मान तिरकी केली की पिवळट. म्हणजे एकाच कुत्र्याचे तीन रंग, फॉरवर्डवाल्याने यातला कुठला धरायचा?

अजून एक गंमत, हा आरसा डोळ्यात फक्त वरच्या अर्ध्या भागात असतो. भिंग चित्र उलटं पाडतं, म्हणून अंधारी जमीन वरच्या भागात उमटते, तिथे जादा उजेड हवा, आकाश खाली उमटतं, तिथे गरज नाही. फुकटात काही मिळत नाही म्हणा, परतलेला उजेड थोडा विखुरतो, चित्र जरा धूसर होतं.

हे स्वतः बघायचं तर टॉर्च कमरेशी धरू नका, कपाळाला लावा. भिंगातून आत गेलेला उजेड आल्या वाटेनेच परत जातो, त्यामुळे आपला डोळा आणि टॉर्च एकमेकांच्या जवळ असायला हवेत. हायवेवरचे चमकणारे रोड स्टड याच तत्त्वावर चालतात, इंग्लंडच्या पर्सी शॉने 1934 मध्ये ते काढले तेव्हा नावच "कॅट्स आय" ठेवलं. मी पहिल्यांदा हेडटॉर्च लावून बांधावर गेलो तर गवतात शेकडो हिरवे-निळे ठिपके, वाटलं दव पडलंय. एका ठिपक्याशी वाकलो तर लांडगा कोळी. याच्या आठ डोळ्यांपैकी मागच्या चारांत मोठा झकास आरसा असतो. एकीच्या पाठीवर पिल्लांचा ढीग होता, आईचे दोन ठळक ठिपके आणि वर भुरभुरल्यासारखे बारीक बारीक ठिपके. काका म्हणाले, "पन्नास वर्षं या बांधावरनं चाललोय, एकदा नाही दिसले." अहो टॉर्च काखेत धरून कसे दिसणार!

पुढे पायवाटेवर लालभडक निखारा. हेच ते "दुसरं काहीतरी". दहा पावलांवर गेल्यावर उडाला, रातवा पक्षी होता. त्याच्या डोळ्यातला आरसा वेगळ्याच मालाचा, चरबीच्या बारीक गोळ्यांचा.

मग टिप्या एकदम थांबला. नाक वर, मानेवरचे केस ताठ. मी टॉर्च उसावर इकडून तिकडे फिरवला, एक ठिपका नाही. काका म्हणाले काही नाहीये, चल, आणि तेवढ्यात आत कडाकडा ऊस मोडला. डुकरांना टॅपेटम नसतो हे मला माहीत होतं, आठवलं मात्र घराकडे पळताना. सकाळी जाऊन बघितलं तर सरीतली माती उकरलेली आणि चिखलात खुरांचे ठसे.