आजोबा आज आले नाहीत: घरी राहिले की वाटेत?

स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांच्या डे-केअरमध्ये एखाद्या सकाळी हजेरीपटावर एक चौकोन कोरा राहतो. आजोबा घरून निघालेच नसतील, किंवा निघाले असतील पण पोहोचले नसतील. केंद्रात बसून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. मग "असतील घरीच" असं म्हणून पुढचं काम सुरू होतं. हा निव्वळ अंदाज आहे, आणि त्यावर विसंबून राहू नये असं मला फार मनापासून वाटतं.

घरच्यांना पहिला फोन केला की "आज का नाही आले?" असं विचारलं जातं. त्यावर कारण मिळतं, ठावठिकाणा मिळत नाही. ऑफिसात पोहोचलेला मुलगा सांगतो, "काल सर्दी होती, झोपले असतील." त्याऐवजी असं विचारावं: घरून निघाले का? किती वाजता, कोणाबरोबर? आणि या क्षणी त्यांना डोळ्यांनी कोण पाहतंय? शेवटच्या प्रश्नाला "मी" असं म्हणणारं कोणी भेटेपर्यंत चौकशी सुरूच ठेवायची.

घरी आहेत हे कळलं की हायसं वाटतं. पण बाथरूममध्ये पडलेल्या आजीही घरीच असतात. इन्सुलिन घेऊन नाश्ता विसरलेले, साखर उतरून ग्लानीत गेलेले काकाही घरीच असतात. तासन्‌तास फरशीवर पडून राहिलं तर अंगातलं पाणी कमी होतं, दबलेल्या स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडांवर ताण येतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. त्यामुळे 'शेवटचं कोणी, किती वाजता पाहिलं' हे केंद्रातल्या ताईंनी फोनवरच लिहून घ्यावं.

एकट्या राहणाऱ्यांच्या बाबतीत शेजाऱ्यांना किंवा सोसायटीच्या वॉचमनला दार वाजवायला सांगावं, आणि प्रत्यक्ष बोलणं झालं की उलट फोन करायला सांगावं. दुसरी किल्ली शेजारी असली तरी आतून कडी असेल तर तिचा उपयोग नाही. हाकेला ओ मिळत नसेल तर १०१ वर अग्निशमन दलाला बोलवावं. दार तुटेल याचा संकोच नको. आजोबा बोलले, पण कालपेक्षा एकदम गोंधळलेले किंवा सुस्त वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. या वयात लघवीच्या संसर्गाचं पहिलं लक्षण कधी कधी एवढंच असतं.

निघाले पण पोहोचले नाहीत, असं असेल तर पावलं वेगळी पडतात. इथे आधी शेवटच्या माणसाला गाठायचं: नेहमीचा रिक्षावाला, व्हॅनचा ड्रायव्हर, सोबतची मावशी. "बेल वाजवली, कोणी आलं नाही, म्हणून पुढे गेलो" हे ड्रायव्हरने संध्याकाळी सांगून चालत नाही. त्याने गेटवरूनच केंद्राला कळवायला हवं. मग घराच्या आसपास शोध: जिना, गच्ची, मागची गल्ली, देऊळ, बाग. स्मृतिभ्रंश झालेला माणूस नावाने हाक मारली तरी ओ देईलच असं नाही, म्हणून नजरेने शोधायचं. अनेकदा पाय जुन्या घराकडे, निवृत्त झाले त्या कारखान्याकडे, एसटी स्टँडकडे वळतात.

हा शोध सुरू असतानाच ११२ ला फोन करावा. बेपत्ता झाल्याची तक्रार द्यायला २४ तास थांबावं लागतं, ही समजूत चुकीची आहे. २४ तासांचा उल्लेख मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये आहे, पण तो पोलिसांसाठी: मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, भटकताना सापडलेली व्यक्ती संरक्षणात घेऊन जास्तीत जास्त तेवढ्या वेळात जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायची असते. त्यामुळे सरकारी रुग्णालयांतही चौकशी करावी.

पोलीस ताजा फोटो, आजचे कपडे, औषधं, जुने पत्ते विचारतात. धावपळीत यातलं निम्मं आठवत नाही. ब्रिटनमध्ये यासाठी 'हर्बर्ट प्रोटोकॉल' नावाचा फॉर्म कुटुंब आधीच भरून ठेवतं. नॉर्मंडीच्या लढाईत उतरलेल्या आणि पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या जॉर्ज हर्बर्ट या सैनिकाचं नाव त्याला दिलं आहे. आपल्याकडच्या केंद्रांनी प्रवेशाच्या दिवशीच असं एक पान भरून घ्यावं.

कुटुंब वारंवार न कळवता घरी ठेवत असेल, अंगावर वळ किंवा उपासमार दिसत असेल, तर तो प्रश्न गैरहजेरीचा उरत नाही. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर सल्ला घ्यावा.

आजोबा सापडल्यावर "कुठे गेला होतात?" असा जाब विचारू नये. त्यांना ते सांगता येत नाही आणि भीती मात्र वाढते. सावलीत बसवून पाणी द्यावं, तळपाय पाहावेत, डॉक्टरांकडे न्यावं. आणि पोलीस, वॉचमन, रिक्षा स्टँड, ज्यांना ज्यांना कळवलं होतं त्या सगळ्यांना फोन करून शोध थांबवायला सांगावं.